दार्जिलिंगचे बी क्लास, १:१९ प्रमाणात: प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

दार्जिलिंग हिमालयन रेल्वेचे बी क्लास इंजिन आणि त्यामागे दोन बोगी डबे. इंजिन खऱ्या वाफेवर, ब्युटेन गॅसवर चालणारे. दार्जिलिंगचा गेज (दोन रुळांमधले अंतर) २ फूट, म्हणजे ६१० मिमी. बागेतल्या छोट्या रेल्वेसाठी ३२ मिमीचे रूळ सहज मिळतात, म्हणून प्रमाण १:१९ ठरले.

मूळ मापे आणि आपली मापे:

चाकाचा व्यास २६ इंच, आपल्याकडे ३४.८ मिमी.
दोन आसांमधले अंतर ५ फूट ६ इंच, आपल्याकडे ८८ मिमी.
सिलिंडर ११ इंच व्यास, १४ इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव). प्रमाणाने १४.७ आणि १८.७ मिमी येतात, पण इथे प्रमाण पाळलेले नाही. कारण १८ ऑगस्टच्या नोंदीत.
बॉयलरचा दाब मूळ १४० पौंड प्रति चौरस इंच. आपला ४० पौंड, म्हणजे २.७५ बार.

या मापांतून मूळ इंजिनाची ओढ काढली तर ८५ टक्के दाबाला सुमारे ७,७५० पौंड येते. इंजिनाचे वजन १५ टनांच्या आसपास आणि ते सगळे चारच चाकांवर. एकास वीसच्या चढावर याहून जास्त ओढ असून उपयोग नाही, चाके घसरतील. बी क्लासचा सगळा आराखडा या एका गोष्टीभोवती फिरतो. पाण्याची खोगीर टाकी बॉयलरवर, आणखी पाणी चौकटीच्या आत, कोळसा केबिनच्या पुढे बॉयलरच्याच डोक्यावर. मागे टेंडर नाही, पुढे मोकळी चाके नाहीत. जे काही वजन आहे ते ओढणाऱ्या चाकांवरच दाबून बसवलेले आहे. मॉडेल करतानाही हेच सांभाळायचे आहे. रंग आणि नावाची पाटी नंतर.

२३ जून २०२४

रंगाचा विषय एकदाच संपवून टाकू, नाहीतर दर बैठकीत तो निघतो. १८८९ पासून जवळजवळ चार दशकांत या वर्गाची ३४ इंजिने झाली. बहुतेक शार्प स्टुअर्ट आणि पुढे तिच्याच वारशाने आलेल्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीची, तीन अमेरिकेतल्या बाल्डविनची, तीन तर या रेल्वेच्या स्वतःच्या तिंधारियाच्या कारखान्यात बांधलेली. प्रत्येक इंजिन अनेकदा उघडले गेले, टाक्या बदलल्या, रिव्हेट काढून वेल्डिंग आले. त्यामुळे ‘बी क्लास असेच दिसते’ हे वाक्य कुणी म्हटले, तर कोणत्या वर्षीचे आणि कोणत्या क्रमांकाचे, हे आधी विचारावे.

आपला निर्णय: रिव्हेटची टाकी, हिरवा रंग. निळ्या रंगातले इंजिन अनेकांना जास्त ओळखीचे आहे, पण निळ्या काळातल्या फोटोंत टाकीवर वेल्डिंगची ठिगळे दिसतात. रिव्हेट आणि निळा रंग एकत्र करायचे, तर त्या दोन्ही गोष्टी एकाच फोटोत दाखवता आल्या पाहिजेत. एक काळ निवडावा आणि डब्यांसकट त्यातच राहावे.

१४ जुलै २०२४

चौकट. ३ मिमी माइल्ड स्टीलच्या दोन पट्ट्या, एकमेकींना स्क्रूने बांधून एकदमच ड्रिल केल्या. आसांची छिद्रे, सिलिंडरची छिद्रे, आडव्या पट्ट्यांची छिद्रे, सगळी एकाच बैठकीत. कप्लिंग रॉडची (दोन्ही आसांची चाके जोडणाऱ्या दांडीची) छिद्रेही त्याच ८८ मिमीच्या जिगने, म्हणजे जागा पक्की धरणाऱ्या साच्याने, पाडायची. चौकटीत ८८.० आणि रॉडमध्ये ८८.२ झाले, तर चाक एका फेऱ्यात दोनदा अडखळते. मग माणूस रॉडचे छिद्र कानशीने मोठे करतो, आणि त्या ढिलेपणाचा खडखडाट कायमचा राहतो.

चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर २८ मिमी. चाके आसावर लॉकटाइट ६३८ या धातूच्या गोंदाने बसवली. डावी-उजवी क्रँक पिन (चाकावरची, दांडी धरणारी खुंटी) एकमेकींशी बरोबर ९० अंशांत हवी. दोन्ही आसांवर कोन ८९ अंश असता तरी चालले असते, एकावर ९० आणि दुसऱ्यावर ८९ मात्र चालत नाही. म्हणून दोन्ही जोड्या एकाच जिगमध्ये लावल्या. लॉकटाइट ६३८ काही मिनिटांतच पकडते. जिग आधी कोरड्याने लावून पाहावा.

मागचा आस चौकटीत घट्ट, पुढचा मध्यावरच्या एका आडव्या पिनेवर डोलणारा. तीन टेकू असले की चारही चाके वाकड्यातिकड्या रुळावर टेकतात. आसांच्या चारही पेट्या घट्ट ठेवल्या, तर अंगणातल्या रुळावर एक चाक नेहमी हवेत राहील.

पावसाळी हवेत कापलेले स्टील रात्रीत गंजते. प्रत्येक बैठकीनंतर तेलाचा हात.

२८ जुलै २०२४

वळणाचा हिशेब. दार्जिलिंगच्या अगॉनी पॉइंटच्या वळणाची त्रिज्या ६० फुटांच्याही किंचित खाली. १:१९ ला ती ९५ सेंमीच्या आसपास भरते. बागेतल्या रेल्वेवाल्यांना एक मीटरचे वळण तडजोडीचे वाटते. इथे ते मूळचेच आहे, त्यामुळे जागा कमी असणाऱ्यांनी हे इंजिन निवडायला हरकत नाही.

८८ मिमी अंतरावरच्या आसांना ९५ सेंमी त्रिज्येवर बाक (दोघांमधल्या सरळ रेषेपासून रूळ जितका बाहेर जातो ते अंतर) फक्त १ मिमी पडतो. हा बाक अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर दीडपट केले, तर बाक सव्वादोन पट.

इथेच नेरळ–माथेरानची आठवण येते. तोच २ फुटांचा गेज, तसाच एकास वीसचा चढ, १९०७ साली सुरू झालेला आदमजी पीरभॉय यांचा मार्ग. पण माथेरानने उत्तर वेगळे निवडले. ओरेनस्टाइन अँड कोप्पेलची चार इंजिने, सहा चाकांची. लांबी वाढली, म्हणून पहिला आणि शेवटचा आस क्लीन-लिंडनर पद्धतीचा. आत एक भरीव आस, तो कप्लिंग रॉडने फिरतो. त्याभोवती पोकळ आस, चाके या पोकळ आसावर. मध्यावर एक गोळा आणि त्यातून आरपार पिन. गोळ्यामुळे पोकळ आस वळणाच्या दिशेने तिरका होतो, पिनमुळे तो आतल्या आसाबरोबर फिरत राहतो. वळण कितीही असो, तिन्ही आस ओढतात.

विद्या सुरेख आहे, पण झिजणारा भाग पोकळ नळीच्या पोटात आहे. तिथे तेल पोचवणे आणि झीज पाहणे दोन्ही कठीण. बी क्लासमध्ये असे काहीच दडलेले नाही, सगळे बाहेरून तेलकॅनच्या टप्प्यात. बी क्लासचे ७९४ क्रमांकाचे इंजिन पुढे नेरळला आणले गेले आणि माथेरानच्या घाटात वाफेवर चालले. दोन उत्तरे एकाच शेडमध्ये आली, असा योग जगात क्वचितच. माथेरानचे ७४० मात्र इंग्लंडात लेटन बझर्डला आहे.

दार्जिलिंगनेही मोठ्या इंजिनाचा प्रयोग केला होता. बायर पीकॉकचे चार-अधिक-चार चाकांचे एक गॅरट आले. ते एकच राहिले, आणि बी क्लास टिकले.

आपल्या इंजिनात दोन्ही आसांना अर्धा-अर्धा मिमी आडवी मोकळीक दिली. वळणावर ३२.५ मिमी गेज ठेवला. क्लीन-लिंडनरची गरज नाही.

१८ ऑगस्ट २०२४

सिलिंडर. व्यास १२ मिमी, स्ट्रोक १८. प्रमाणाचा १४.७ का नाही: २.७५ बारला १२ मिमीच्या सिलिंडरची ओढ हिशेबाने १७ न्यूटनच्या वर येते. इंजिनाचे अपेक्षित वजन अडीच किलो, म्हणजे कोरड्या रुळावर पकड ५ न्यूटन. ओढ आधीच तिपटीने जास्त आहे. व्यास वाढवला तर वाफ जास्त जाईल, ओढ वाढणार नाही. व्यास आणखी कमी, १० पर्यंत नेता आला असता. पण सिलिंडर गार असताना पहिल्या काही फेऱ्यांत वाफेचे पाणी होते, तेव्हा थोडी जास्तीची ताकद लागते.

साहित्य: गनमेटल (तांबे-कथलाचा मिश्रधातू). पितळ चालते, पण स्लाइड व्हॉल्व्ह आणि पोर्टचा चेहरा दोन्ही पितळेचे ठेवू नयेत, ते एकमेकांना खातात. व्हॉल्व्ह फॉस्फर ब्रॉंझचा. पिस्टनला ओ-रिंग, व्हायटनची. साधी नायट्राइल १४० अंशांच्या वाफेत काही महिन्यांत कडक होते.

वॉलशार्ट गिअर (व्हॉल्व्ह हलवणारी दांड्यांची जोडणी) बाहेर दिसणारा, म्हणून तो पूर्ण केला. पहिल्या जुळणीत एका बाजूला इंजिन पुढे चांगले, मागे लंगडे. त्यातली एक्सपान्शन लिंक चालवणारी रिटर्न क्रँक तीन-चार अंशांनी सरकली होती. ती पिन फक्त दाबून बसवली होती. आता एक मिमीचा आडवा खिळा घातला. ही चूक कान देऊन सापडते: चार भक् भक् मधला एक हलका ऐकू येतो.

१५ सप्टेंबर २०२४

बॉयलर. या प्रकल्पात सगळ्यात जास्त वेळ याला, आणि जायलाच हवा.

नळी: तांबे, ५४ मिमी बाहेरचा व्यास, १.५ मिमी जाडी, लांबी १२० मिमी. एसीच्या साहित्याच्या दुकानात २⅛ इंच म्हणून मिळते, तुकडाही देतात. आतून २२ मिमीची एक ज्वाला-नळी, तिच्यात आडव्या तीन ६ मिमीच्या पाणी-नळ्या. शेवटच्या तबकड्या २.५ मिमी तांब्याच्या पत्र्याच्या.

तबकडीची कड वळवताना: तांबे मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवले की मऊ पडते. पोलादी साच्यावर लाकडी हातोड्याने हळूहळू. ठोक्याचा आवाज ‘टण’ यायला लागला की तांबे कडक झाले, पुन्हा तापवा. एका तबकडीला चार वेळा तापवावे लागले. आळस केला की कडेला बारीक चीर पडते, ती पुढे ब्रेझिंगमध्ये झाकली जाते आणि दाबाखाली उघडते.

बुश (नळ आणि व्हॉल्व्ह बसवायच्या आटेदार कड्या) सगळे गनमेटलचे, पितळेचे नाहीत. गरम पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि उरते भुसभुशीत तांबे. बाहेरून तो बुश धडधाकट दिसतो.

चांदीचे ब्रेझिंग, ५५ टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली काडी. वितळते ६३० ते ६६० अंशांत. सांध्यातली फट ०.०५ ते ०.१५ मिमी हवी, तरच वितळलेला धातू आपोआप आत ओढला जातो. फ्लक्सची (धातू स्वच्छ ठेवणाऱ्या भुकटीची) लापशी दोन्ही पृष्ठांवर आधी. भट्टीविटांचा कोनाडा करून त्यात बॉयलर, मोठी प्रोपेन ज्योत. काडी ज्योतीने वितळवायची नाही, तापलेल्या तांब्याने वितळली पाहिजे. दारे-खिडक्या उघडी.

क्रम: आधी ज्वाला-नळीत पाणी-नळ्या, मग पुढची तबकडी व नळी, मग मागची तबकडी, शेवटी बुश. प्रत्येक टप्प्यानंतर १० टक्के सायट्रिक आम्लात अर्धा तास. बॉयलर गार झाल्यावरच आम्लात.

२९ सप्टेंबर २०२४

पाण्याच्या दाबाची चाचणी. कामाच्या दाबाच्या दुप्पट, ५.५ बार, २० मिनिटे. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरून, आतली हवा पूर्ण काढून. हवेने चाचणी कधीही करू नये. दाबलेल्या हवेत ऊर्जा साठते, सांधा सुटला तर तुकडे उडतात. पाण्यात सुटला तर एक पिचकारी आणि दाब शून्य.

पहिल्या वेळी ३ बारला ज्वाला-नळीच्या मागच्या सांध्यातून थेंब. कारण उघड होते, तिथे छिद्र ०.३ मिमीने मोठे पडले होते, धातू फट भरू शकला नाही. तांब्याची पातळ पट्टी फटीत ठोकून, नव्याने फ्लक्स लावून पुन्हा तापवले. थेंबावर नुसता वरून आणखी धातू ओतणे हा उपाय नव्हे, खालचा जुना फ्लक्स तसाच राहतो.

दुसऱ्या वेळी २० मिनिटे ५.५ बार स्थिर. तबकड्यांचा फुगवटा चाचणीनंतर पुन्हा मोजला, कायमचा काहीच नाही. तारीख आणि दाब मागच्या तबकडीजवळ ठोकला.

२० ऑक्टोबर २०२४

गॅस आणि पाण्याचा ताळमेळ. बॉयलरमध्ये सुमारे २०० मिली मावते, भरायचे १५०. ज्वाला-नळी उघडी पडू नये म्हणून त्यातले निदान ५० मिली शिल्लक राहिले पाहिजे. म्हणजे वाफेला १०० मिली.

गॅसची टाकी २६ मिली, ८० टक्के भरली की १२ ग्रॅम ब्युटेन. त्याच्या उष्णतेपैकी ४० टक्के पाण्यात गेली असे धरले तर ९० मिलीच्या आत पाणी उडते. गॅस आधी संपतो, पाणी नंतर. हा क्रम टाकीच्या आकारातच बसवला आहे, चालवणाऱ्याच्या लक्षात राहण्यावर सोडलेला नाही. मोठी टाकी बसवून जास्त वेळ चालवण्याचा मोह होतो. तसे करायचे असेल तर आधी पाणी भरण्याचा पंप आणि काचेची पातळी-नळी बसवावी.

टाकी केबिनमध्ये डाव्या बाजूला. खोगीर टाकी रिकामी दिसते, तरी गॅस तिथे ठेवायचा नाही, ती बॉयलरला चिकटून तापते.

बर्नर: जेट ०.२ मिमी. पहिल्या दिवशी ज्योत शिट्टी वाजवत होती. हवेची कॉलर अर्धी बंद केल्यावर थांबली. दुसऱ्या दिवशी ज्योत मलूल: जेटमध्ये टेफ्लॉन टेपचा धागा. गॅसच्या जोडांना टेफ्लॉन टेप लावू नये, लॉकटाइट वापरावे. जेटमध्ये तार घालू नये, छिद्र वाकडे होते. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून उलट्या बाजूने फुंकावे.

१७ नोव्हेंबर २०२४

पहिली वाफ. थंड पाण्यापासून २.७५ बारपर्यंत सात मिनिटे. सेफ्टी व्हॉल्व्ह २.८ ला उघडला, २.५ ला बसला. गॅस पूर्ण सोडून, वाफेचा रेग्युलेटर बंद ठेवून पाहिले, दाब ३ बारच्या वर गेला नाही. हे पाहिल्याशिवाय इंजिन रुळावर ठेवू नये.

तेलदाणी: वाफ तेलात शिरते, तिचे पाणी होऊन तळाशी बसते, तेवढेच तेल वर उचलले जाऊन वाफेबरोबर सिलिंडरकडे जाते. छिद्र ०.८ मिमीचे ठेवले होते, ते फार मोठे ठरले. एका फेरीत दाणी रिकामी, आणि सगळे तेल धुराड्यातून रुळावर. ०.४ केले. तेल आयएसओ ४६०, वाफेच्या सिलिंडरचे. गाडीचे इंजिन ऑइल इथे चालत नाही, पाण्यात मिसळून पांढरी पेस्ट होते आणि सिलिंडर कोरडा राहतो.

प्रत्येक धावेनंतर दाणीतले पाणी पिचकारीने काढायचे.

२२ डिसेंबर २०२४

सकाळी साडेसात, हवा १० अंश. ज्योत निम्मी, दाब १.८ च्या वर चढेना. बिघाड काहीच नाही. ब्युटेनचा टाकीतला दाब २० अंशांना सुमारे १ बार असतो, १० अंशांना त्याच्या निम्म्यावर येतो. शिवाय गॅस उडताना टाकी आणखी गार होते. उपाय: टाकीभोवती छोटी पाण्याची पेटी, त्यात हाताला सोसेल इतपत कोमट पाणी. उकळते पाणी कधीही नाही. मे महिन्यात उलटे होईल. ४० अंशांना दाब पावणेतीन बारपर्यंत जातो, तेव्हा पेटी रिकामी ठेवून गॅसचा नळ कमी उघडावा.

१२ जानेवारी २०२५

डबे. दोन, बोगीचे, बंद. इंजिनावर चर्चा करणाऱ्यांची डब्यांकडे फार पाहण्याची तयारी नसते, पण घाटावरच्या रेल्वेत डबा अरुंद, ठेंगणा आणि हलका का, याचे उत्तर इंजिनाच्या चार चाकांत आहे. इंग्लंडात नेलेल्या १९ क्रमांकाच्या बी क्लाससाठी वेल्समधल्या फेस्टिनिओग रेल्वेच्या बॉस्टन लॉज कारखान्यात दार्जिलिंगच्या धर्तीचे दोन डबे बांधले गेले. ते पाहिल्यावर इंजिनाचा आकार एकदम योग्य वाटू लागतो. मुख्य मार्गावरच्या डब्याशेजारी तेच इंजिन खेळणे वाटते.

आपला डबा: १.५ मिमी पितळेची चौकट, सागाच्या २ मिमी पट्ट्या, छप्पर ०.८ मिमी प्लायचे, त्यावर जुन्या सुती धोतराचे कापड रंगात भिजवून ताणलेले. वजन ७०० ग्रॅम, त्यातले ३०० चौकटीखाली शिसे. एकूण वजनापेक्षा ते किती खाली आहे ते महत्त्वाचे.

एक बोगी तीन टेकूंवर, दुसरी पूर्ण डोलणारी. दोन्ही सारख्या मोकळ्या ठेवल्या की डबा वळणात बाहेर झुकतो. दोन्ही घट्ट ठेवल्या की रूळ सोडतो.

हँडब्रेकची चाके दोन्ही डब्यांवर दाखवली. मूळ मार्गावर उतारात डब्यांवरचे ब्रेकवाले इंजिनाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर ब्रेक आवळत. ते चाक वगळले, तर डबा कुठल्या रेल्वेचा हे सांगता येणार नाही.

२ फेब्रुवारी २०२५

चढ: ६ मीटर, एकास वीस, मध्ये ९५ सेंमीचे वळण. वजन दोन स्वयंपाकाच्या काट्यांवर, प्रत्येक आस वेगळा. पाणी, गॅस, तेल भरून: पुढे १.०५ किलो, मागे १.४२.

पहिल्याच चढात पुढचे चाक वळणात रूळ सोडून बाहेर. कारण हिशेबात दिसते. एकास वीसच्या चढावर आणि दोन डब्यांच्या ओढीने जवळजवळ १०० ग्रॅम भार पुढच्या आसावरून मागच्यावर सरकतो. दोन्ही आस जोडलेले असल्याने एकूण पकड कमी होत नाही, पण वळणात दिशा देणारा आस पुढचा आहे, आणि तोच हलका होतो. मूळ इंजिनात ही अडचण कमी, कारण खोगीर टाकीतले पाणी पुढे असते. आपली टाकी पोकळ पितळेची.

उपाय: सिलिंडरांच्या मधल्या जागेत १८० ग्रॅम शिसे. मागचा भार काही ग्रॅमने कमी झाला, आता पुढे १.२४, मागे १.४१. कोळशाच्या पेटीत शिसे घालायचे सुचवले गेले होते, पण ती फार उंच आहे.

२३ फेब्रुवारी २०२५

घसरणीची चाचणी. इंजिन २.६५ किलो. कोरड्या स्वच्छ रुळावर पकड सुमारे ५.२ न्यूटन, तेलकट रुळावर निम्मी. दोन डब्यांसह चढाला लागतात २.४ न्यूटन, तीन डब्यांना २.९ च्या पुढे.

प्रत्यक्षात तसेच झाले. दोन डबे तेलकट रुळावरही चढले, शेवटच्या मीटरला चाके एकदा फिरली. तीन डबे कोरड्या रुळावर सहज, तेल सांडलेल्या रुळावर वळणातच उभे. रूळ स्पिरिटने पुसल्यावर तेच तीन डबे पुन्हा चढले.

दार्जिलिंगला यावर उत्तर म्हणजे पुढच्या बफर बीमवर बसलेली दोन माणसे आणि त्यांच्या हातातली वाळू. इथे वाळू टाकू नये, ती थेट आसांच्या पेट्यांत आणि क्रँक पिनांत जाते. दोन माणसांच्या मूर्ती मात्र बफर बीमवर बसवायच्या आहेत, कोळसा फोडणारा पेटीवर, ड्रायव्हर आणि फायरमन केबिनमध्ये. पाच जणांशिवाय बी क्लास पूर्ण दिसत नाही.

उरलेले काम: टाकीवरचे रिव्हेट, हिरवा रंग, तेलदाणीतले, धुराड्याकडे येणारे तेल काढून टाकण्यासाठी स्मोकबॉक्सच्या तळाला १ मिमीचे निचऱ्याचे छिद्र. दाबाची पुढची पाणी-चाचणी सप्टेंबर २०२५.